मशीन ओरिजिनल, बाकीचं रामभरोसे

वाचकांचे प्रश्न : जुनी घड्याळं ऑनलाइन घेताना

प्रश्न : एचएमटी पायलट शोधतो आहे. एका जाहिरातीत लिहिलंय : ‘एनओएस कंडिशन, १०० टक्के ओरिजिनल एचएमटी मशीन, डायल रिफ्रेश्ड, केस पॉलिश्ड, नवीन पट्टा.’ फोटोत घड्याळ कोरं दिसतं. घ्यावं का? (नाशिक)

उत्तर : विक्रेत्यानं बहुतेक सगळं खरं लिहिलंय. फक्त कोणता शब्द कशाला जोडलाय ते बघा. ‘ओरिजिनल’ हे विशेषण मशीनला लावलंय, घड्याळाला नाही. घड्याळाचे भाग मोजायचे तर डायल, काटे, केस (बाहेरचं कवच), मागचं झाकण, चावी, काच आणि मशीन (आतली चालणारी यंत्रणा). जाहिरातीत ज्या भागाला ‘मूळ’ म्हटलेलं नाही तो बदललेला आहे असंच धरून चाला आणि तसं विक्रेत्याला लेखी विचारा : ‘डायल फॅक्टरीचा आहे का? काटे त्याच मॉडेलचे आहेत का?’ उत्तर ‘भाऊ, मशीन एकदम ओरिजिनल आहे’ असं आलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

‘एनओएस’ म्हणजे न्यू ओल्ड स्टॉक : त्या काळात बनलेला, पण विकला न गेलेला, मनगटावर न चढलेला माल. अशा घड्याळाची केस पॉलिश करायचं कारण नाही आणि डायल ‘रिफ्रेश’ करायचं तर मुळीच नाही. म्हणजे एकाच ओळीत दोन परस्परविरोधी दावे आहेत. मधे ‘कंडिशन’ हा शब्द घातला की विक्रेता सुटतो : एनओएस आहे असं तो म्हणतच नाही, तसं दिसतं असं म्हणतो. ‘स्टाइल’, ‘टाइप’, ‘लाइक’, ‘फिनिश’ ही त्याच कामाची शेपटं. ‘मिलिटरी स्टाइल’ला लष्कराशी काही घेणंदेणं नसतं.

‘रिफ्रेश्ड’, ‘रिस्टोअर्ड’, ‘रिफिनिश्ड’, ‘प्रोफेशनली रीडन’ या चारींचा अर्थ एकच. जुन्या डायलचा रंग खरवडून किंवा धुऊन काढला, नवा रंग मारला आणि अक्षरं पुन्हा छापली. घड्याळवाले याला सरळ ‘रिडायल’ म्हणतात. पायलटच्या बाबतीत हे महत्त्वाचं का, तर एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढे एकाच जातीचं मशीन अनेक मॉडेलांत वापरलं. जनता आणि पायलट या दोन्हींत १७ ज्वेल्सचं, चावीचं ०२३१ मशीन सापडतं. जनताचं थकलेलं घड्याळ घ्या, त्यावर नवा छापलेला काळा डायल बसवा, पायलट तयार. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद झाला तरी बाजारातले ‘कोरे पायलट’ मात्र संपायचं नाव घेत नाहीत.

आता डायल कसा तपासायचा. उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात, अगदी समोरून, काचेवर चमक न पडता काढलेला फोटो मागा. फोटो मोठा करून आधी मिनिटांच्या रेघा पाहा. फॅक्टरीच्या डायलवर १२, ३, ६ आणि ९ जवळची रेघ तासाच्या खुणेच्या बरोबर मध्यावर येते. रिडायलमध्ये ती अर्धी रेघ डावी-उजवीकडे सरकलेली असते, कारण खुणा जुन्याच राहतात आणि छपाई नवी होते. मग अक्षरं. मूळ छपाईत ‘पॅरा शॉक’ (धक्क्यापासून संरक्षण) सारखी बारीक ओळही सुटी सुटी वाचता येते. रिडायलमध्ये शाई पसरून अक्षरांची पोटं भरतात, ओळ किंचित चढते किंवा उतरते, दोन शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं. तिसरी जागा म्हणजे खिडकी आणि कडा. तारखेच्या खिडकीच्या कडेवर जाड रंग साचलेला दिसला, किंवा मधल्या भोकाच्या काठावर रंगाची सुरकुती दिसली, की डायल फॅक्टरीतून बाहेर पडल्यावर पुन्हा रंगवला गेलाय.

डायलची मागची बाजू कुणी दाखवत नाही, पण खरी गंमत तिथेच असते. डायलला मागून दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या ठरलेल्या भोकांत बसतात. दुसऱ्या मशीनचा डायल बसवायचा तर हे पाय कापतात आणि डायल दुहेरी चिकटपट्टीवर टेकवतात. काही महिन्यांत उष्णतेनं पट्टी सैलावते, डायल अर्धा मिलिमीटर फिरतो, काटे घासतात आणि घड्याळ कधी चालतं, कधी थांबतं. फोटोत याची खूण म्हणजे १२ चा आकडा केसच्या दोन्ही कानांच्या (पट्टा अडकतो ती टोकं) बरोबर मध्ये नसणं.

काटेही पाहा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. तो आधीच थांबत असेल किंवा रेघ ओलांडून जात असेल, तर तो दुसऱ्या घड्याळातून आलाय.

रिडायल केलेलं घड्याळ घेणं हा काही गुन्हा नाही. रोज घालायला चावीचं घड्याळ हवं असेल तर चांगल्या मशीनवरचा स्वच्छ रिडायल उत्तम चालतो. मात्र त्याचे पैसे चालू मशीन आणि केस एवढ्याचेच द्या. संग्राहकाची किंमत डायलसाठी असते, आणि इथे तो डायल उरलेलाच नाही.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहतो. इथे ऑनलाइन लिलावात भारतातून येणारी सेको ५ घड्याळं स्वस्त मिळतात : केशरी, पोपटी, निळ्या डायलची. इथले लोक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हसतात. सगळीच टाकाऊ असतात का? (लेस्टर)

उत्तर : मुंबईकरांना हे नाव टोचेल, पण ते आलंय खऱ्या धंद्यावरून. जुन्या सेको, सिटिझन, रिको, एचएमटी, फाव्र लुबा घड्याळांचे भाग एकत्र करून, भडक डायल छापून जगभर विकण्याचा व्यवसाय मुंबईतून मोठ्या प्रमाणावर चालतो. सगळी टाकाऊ नसतात. मात्र ‘रेअर ऑरेंज डायल’ यातला दुर्मीळपणा गेल्या आठवड्यात छापलेला असू शकतो.

सेको तपासायला सोपी पडते, कारण ती स्वतःचा पत्ता अंगावर घेऊन फिरते. मागच्या झाकणावर चार अंक, आडवी रेघ, पुन्हा चार अंक असा क्रमांक असतो. पहिले चार अंक मशीनचे, पुढचे चार केसचे. समजा ६३०९ ने सुरू होणारा क्रमांक आहे. मग तीन ठिकाणी ६३०९ दिसायला हवं : झाकणावर, आतल्या मशीनवर (रोटर म्हणजे हालचालीनं फिरून चावी भरणारं वजन, त्यावर, किंवा बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, त्याच्या जवळ) आणि डायलच्या अगदी तळाशी, ६ च्या खाली बारीक अक्षरात. डायलवरचे शेवटचे अंक-अक्षरं झाकणावरच्या केस क्रमांकाशी जुळायलाच हवीत असं नाही. त्यावरून घड्याळ नाकारू नका. पहिले चार जुळायलाच हवेत. रिडायलमध्ये तळाची ही ओळ बहुधा गायब असते, नाहीतर ती भिंगातून वाचता येत नाही इतकी माखलेली असते.

झाकणावर दुसराही क्रमांक असतो, तो अनुक्रमांक. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ऑक्टोबरला ओ किंवा शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. १५ ने सुरू झालेला अनुक्रमांक म्हणजे १ ने संपणाऱ्या वर्षातला मे. दशक मशीनवरून ठरवायचं. ६३०९ हे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८० च्या दशकापर्यंत बनलं, त्यामुळे ते १९८१. विक्रेता त्याच घड्याळाला ‘१९६० चं’ म्हणत असेल तर त्याला घड्याळाची माहिती नाही, किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चाललाय.

आणखी दोन कसोट्या घरबसल्या होतात. १९६३ मध्ये सेकोनं ‘५’ हे नाव आणलं तेव्हाच्या पाच गोष्टींत ऑटोमॅटिक मशीन आणि एकाच खिडकीत वार व तारीख या दोन्ही होत्या. जुन्या घड्याळाच्या डायलवर ‘सेको ५’ आणि खिडकीत फक्त तारीख, किंवा खिडकीच नाही, असं दिसलं की पुढे बघू नका. दुसरं, ७००९ आणि ६३०९ या मशीनना चावी भरता येत नाही. हलवूनच ती सुरू होतात. अशा घड्याळाच्या वर्णनात ‘चावी दिल्यावर दोन दिवस चालतं’ असं लिहिलं असेल, तर आत दुसरंच मशीन आहे किंवा वर्णन दुसऱ्या जाहिरातीवरून उचललंय.

स्विस नावांच्या स्वस्त घड्याळांबद्दल एक सूचना. डायलवर नाव कोणतंही असो, आत एफएचएफ एसटी ९६ असं कोरलेलं साधं मशीन निघालं, तर सावध व्हा. ते त्या काळचं स्वस्त, मजबूत मशीन होतं आणि अशा जुळवाजुळवीत ते फार वापरतात. मशीनचा फोटो न देणाऱ्याकडून स्विस घड्याळ घेऊ नये. झाकण उघडायला कोणत्याही घड्याळजीला दोन मिनिटं लागतात. ‘उघडता येत नाही’ ही सबब आहे.

प्रश्न : ‘फुली सर्व्हिस्ड, रनिंग कंडिशन, टाइमकीपिंग एक्सलंट’ असं लिहिलेलं घड्याळ घेतलं. पहिला आठवडा ठीक चाललं, आता रात्रीत बंद पडतं. विक्रेता म्हणतो, इथून निघताना चालू होतं. (रत्नागिरी)

उत्तर : तो खरं बोलतोय. ‘रनिंग’ या शब्दात एवढंच वचन आहे की काटे हलत होते. तेल पार वाळलेलं मशीनही पूर्ण चावीवर काही तास टिकटिकतं. ‘सर्व्हिस’ या शब्दाचाही असाच विस्तार झालाय. पूर्ण सर्व्हिस म्हणजे मशीन सुटं करणं, प्रत्येक भाग धुणं, मेनस्प्रिंग तपासणं किंवा बदलणं, प्रत्येक ठिकाणी योग्य ते तेल-ग्रीस घालणं आणि शेवटी वेळ लावणं. बऱ्याचदा होतं काय, की न उघडताच मशीनवर पेट्रोल किंवा द्रावण फिरवतात आणि वरून तेलाचा एक थेंब देतात. घड्याळ लगेच पळायला लागतं, मग ते पातळ तेल बॅलन्सच्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगवर पसरतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावतं. कधी उलट होतं : जुना चिकट मळ परत घट्ट होतो आणि तुमच्यासारखी रात्री बंद पडायची तक्रार सुरू होते.

म्हणून ‘सर्व्हिस्ड’ला पुरावा मागा. तारीख, काय बदललं, आणि टाइमग्राफरचा (टिकटिक ऐकून घड्याळाची तब्येत मोजणारं यंत्र) फोटो. त्यावर तीन आकडे दिसतात. दिवसाचा फरक : ताशी १८,००० ठोक्यांच्या जुन्या चावीच्या घड्याळाला ३० सेकंदांच्या आत असेल तर आमच्या मते ठीक. अ‍ॅम्प्लिट्यूड : बॅलन्सचा झोका पूर्ण चावीवर २५० अंशांच्या वर हवा, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिस झालेली नाही, किंवा नीट झालेली नाही. बीट एरर : टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक, १ मिलिसेकंदाच्या आत. फोटोत ‘लिफ्ट अँगल’चा आकडाही पाहा. यंत्राला आधी सांगावा लागणारा हा कोन प्रत्येक मशीनचा ठरलेला असतो. तो मुद्दाम वाढवून ठेवला तर यंत्र अ‍ॅम्प्लिट्यूडही फुगवून दाखवतं. फार थोडे विक्रेते हे करतात, पण करतात.

टाइमग्राफर नसेल तर व्हिडिओ मागा : घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एकाच चौकटीत, पूर्ण चावी दिल्यावर एकदा आणि २४ तासांनी पुन्हा, मधे घड्याळ झाकण खाली ठेवून. चावीचं निरोगी मशीन साधारण दीड दिवस चालतं. नंतर तेच घड्याळ चावी खाली येईल असं उभं धरायला सांगा. बॅलन्सचा अक्ष झिजलेला असेल तर आडवं ठेवल्यावर चालणारं घड्याळ उभं केलं की मंदावतं किंवा थांबतं.

तुमच्या घड्याळात आणखी एक शक्यता आहे. कोकणातल्या दमट हवेत चावीच्या नळीतून ओल आत शिरते आणि आधी चावीच्या दांड्याला गंज धरतो. दांडा बाहेर काढून पाहायला सांगा. तो लालसर असेल तर आतली चाकंही पाहावी लागतील. आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असलं तरी ५० वर्षांच्या रबरी वायसरवर विसंबून हात धुऊ नका.

प्रश्न : फाव्र लुबा सी चीफ, ‘१८ कॅरेट गोल्ड, २० मायक्रॉन’. भाव सोन्याच्या मानानं कमीच वाटतो. (कोल्हापूर)

उत्तर : सोन्याच्या मानानं पाहूच नका. ‘मायक्रॉन’ हा शब्द आला की ते पाणी दिलेलं, म्हणजे मुलामा असलेलं घड्याळ. २० मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. साधारण ३४ मिलिमीटरच्या केसचा बाहेरचा पृष्ठभाग १० चौरस सेंटिमीटर धरला, तर सगळं मिळून ०.०२ घन सेंटिमीटर धातू, म्हणजे १८ कॅरेटचं सुमारे ०.३ ग्रॅम. त्यातलं शुद्ध सोनं पाव ग्रॅमही भरत नाही, आणि ते काढायचा खर्च वेगळा.

झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं, पुढचा भाग पितळेसारख्या धातूचा. मुलामा आधी उडतो तो कानांच्या टोकांवर आणि घाम लागतो तिथे खालच्या कडेला. त्याच जागांचे जवळून फोटो मागा. त्या जागाही आरशासारख्या झळकत असतील तर नवं पाणी दिलंय, आणि त्याआधी पॉलिशमध्ये केसच्या धारा गोल झाल्यात. अमेरिकी घड्याळांवरचं ‘गोल्ड फिल्ड’ हे जाड पत्र्याचं मढवणं असतं, मुलाम्यापेक्षा टिकाऊ. ‘आरजीपी’ (रोल्ड गोल्ड प्लेट) त्याहून पातळ. भरीव सोन्याच्या स्विस केसच्या आत ०.७५० किंवा ०.५८५ आणि छाप असतो. आपल्याकडे २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, पण घड्याळांना त्यातून सूट आहे. त्यामुळे ‘हॉलमार्क लागत नाही’ हे विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे, पण त्यानं सोनं सिद्ध होत नाही. सराफाकडे एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या, आणि ते यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं हे लक्षात ठेवून झाकणाची आतली बाजूही तपासायला सांगा.

प्रश्न : ‘पॅटिना’, ‘ट्रॉपिकल’, ‘अनपॉलिश्ड’, ‘अँटिक’, ‘ल्यूम वर्किंग’ यांचे अर्थ थोडक्यात सांगाल का? (मडगाव)

उत्तर : पॅटिना म्हणजे सारखं, हळूहळू आलेलं जुनेपण. चट्टे, बुरशी आणि कडेनं चढत गेलेला गंज यांना ओलीनं झालेलं नुकसान म्हणतात. जाहिरातीत दोन्हींना पॅटिनाच म्हणतात. ट्रॉपिकल म्हणजे काळा डायल उन्हानं तपकिरी झालेला. सगळीकडे सारखा असेल तर काही मॉडेलांत त्याला जास्त दाम मिळतो, नाहीतर तो खराब डायल. अनपॉलिश्ड पडताळायचं तर कानांच्या धारा आणि झाकणावरची कोरीव अक्षरं पाहा. अक्षरांची खोली उथळ झाली असेल तर पॉलिश झालंय. अँटिक हा शब्द १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारणपणे किमान १०० वर्षं जुन्या वस्तूला लागतो, त्यामुळे कोणतंही एचएमटी अजून अँटिक नाही.

ल्यूमकडे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या लेपाकडे, नीट बघा. डायलच्या तळाशी ‘टी स्विस टी’ असेल तर त्यावर ट्रिटियम होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे ५० वर्षांनी जेमतेम ६ टक्के उरतं. असं घड्याळ रात्रभर हिरवं झळकत असेल तर नवा लेप भरलाय आणि ते ‘ओरिजिनल’ राहिलेलं नाही. त्याआधीच्या डायलवर रेडियम असू शकतं. ते झळकत नसलं तरी किरणोत्सर्ग संपलेला नाही; रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ घरी उघडू नका आणि डायलवरचा लेप खरवडू तर अजिबात नका.

प्रश्न : पैसे यूपीआयनं आधी दिले. आलेलं घड्याळ फोटोतलं नाही. जाहिरातीत ‘अ‍ॅज इज, नो रिटर्न’ लिहिलंय. (नागपूर)

उत्तर : ‘अ‍ॅज इज’ म्हणजे वस्तू दाखवली तशी. दुसरीच वस्तू पाठवली तर त्या दोन शब्दांचा आडोसा घेता येत नाही. जाहिरातीचा, संभाषणाचा आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आजच काढा, जाहिरात पुसली जाण्याआधी. मग फोटोतल्या आणि हातातल्या घड्याळातला एक ठोस फरक दाखवा : अनुक्रमांक, डायलवरचा डाग, केसवरचा ओरखडा.

खरेदी एखाद्या ई-कॉमर्स मंचावरून झाली असेल तर मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यवहार थेट चॅटवर, एखाद्या व्यक्तीशी झाला असेल तर हा मार्ग अरुंद होतो. फसवणूक उघड असेल तर सायबर गुन्ह्यांची १९३० ही हेल्पलाइन, तीही लवकरात लवकर, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येते.

पुढच्या वेळी पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी घड्याळ ठेवून, झाकण उघडून फोटो काढायला सांगा. पाकीट आल्यावर शिक्का न फोडलेल्या अवस्थेपासून अनुक्रमांक दिसेपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या.